बिनदाराचा तंबू

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालायचा म्हटलं तर कारखान्यात आडवं व्हायला जागाच नाही, सगळीकडे तंबू पसरलाय. त्याचं पुढे सांगते.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की डॉक्टरांनाच चार व्यायाम शिकवून आलीस? इकडे सगळे बरे आहेत. बाबाही बरे आहेत, म्हणजे व्यवस्थित चिडतात. समोर माणूस असला की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही हे तुला माहीतच आहे, पण समोर कागद असला की तोंड आवरत नाही. तेव्हा चष्मा लावून नीट बस.

बातमी अशी की आमचा अख्खा कारखाना समुद्रातल्या एका बेटावर राहायला चाललाय. येत्या शनिवारी, तंबू ठोकून, माझ्यासकट. म्हणजे माझ्यासकट असं बाकीचे म्हणतात. बाबा पेपरातून डोकं वर न काढता नुसतं "बघू" म्हणाले, आणि त्यांचं "बघू" काय असतं ते तू त्यांची मोठी बहीण म्हणून माझ्याही आधीपासून ऐकत आलीयेस. मला जायचंय गं. मी समुद्र फक्त कॅलेंडरवर बघितलाय, आणि त्याच्यावरही तारखा छापलेल्या होत्या.

झालं असं की हंगामाची घाई संपली त्या दिवशी आमच्या मालकीणबाईंनी सगळ्या मशिनी बंद करायला लावल्या आणि म्हणाल्या, आपण शिवलेल्या ताडपत्र्या ट्रकवर बसून मुलूखभर फिरून येतात, आणि आपण आहोत तिथेच, थोडी तरी लाज वाटू द्या. कोणाला कसली लाज वाटायची ते कळलं नाही, पण माना सगळ्यांनी डोलावल्या. मग तयारी कोण बघणार असं विचारल्यावर गाठकाका (ट्रकच्या दोऱ्या बांधतात ते, तुझ्या वेळचेच) म्हणाले, माझी कंबर. ठोकेताई (दिवसभर ताडपत्रीला कड्या ठोकते ती, तू इथलं काम सोडल्यावर आली) म्हणाली, माझी पोरं. मी काहीच म्हणाले नाही. आमच्याकडे जो काही म्हणत नाही तो तयार असतो.

पहिलं काम होडीवाल्याला फोन. बाईंनी नंबर फिरवून फोन माझ्या हातात कोंबला. मला अशा वेळी एकच शब्द येतो, तो म्हणजे "हो". बेटावर प्यायचं पाणी नाही, इथूनच न्यावं लागेल, चालेल ना? हो. नारळाच्या झाडाखाली झोपायचं नाही, झाड विचारून नारळ टाकत नाही, कळलं? हो. भरतीचं पाणी कुठवर येतं ते मी दाखवीन, त्याच्या वरच तंबू ठोकायचा, ठरलं? हो. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग त्याने विचारलं, होडी लहान सांगू का मोठी? हो. बहुतेक स्वतःच्याच मनाने त्याने दोन्ही होड्या सांगून टाकल्या. बाईंनी कपाळाला हात लावला, पण रागावल्या नाहीत. (त्यांचं न रागावणं मला अजून सवयीचं झालेलं नाही. शाळेत उभं राहून वाचायला सांगितलं की माझा आवाज यायचा नाही, आणि तेवढ्यात सगळा वर्ग आणि वर्गाच्या बाई मिळून रागावून मोकळ्या व्हायच्या.)

आता तंबू. ताडपत्रीवाल्यांनी तंबू विकत घेतला तर लोक तोंडात शेण घालतील, असं गाठकाका म्हणाले, म्हणून तो घरीच शिवायचं ठरलं. सगळे असे काही तुटून पडले की विचारू नकोस. दुहेरी शिलाई, चारी बाजूंनी पट्टी, हाताहाताच्या अंतरावर कडी. पण आत्या, आपण इतकी वर्षं शिवतो काय? ट्रकचं झाकण. आणि झाकणाचा धर्म एकच, बाहेरचं आत जायला नको आणि आतलं बाहेर यायला नको. हात आपोआप तेच शिवत गेले. उभा करून बघायची वेळ आली तेव्हा मला मधोमध बांबू धरून उभं केलं, वरून तंबू पांघरला, आणि गाठकाकांनी बाहेरून तो मशिनींच्या पायांना असा करकचून बांधला की घाटात ट्रक उलटला तरी माल हलायचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात चहा आला. सगळे चहाला गेले.

मी आत. बांबू माझ्या हातात. आधी वाटलं, दार मागच्या बाजूला असेल. मग वाटलं, मागची बाजू कुठली ते मला कळत नसेल. हाताने चाचपत पूर्ण फेरी मारली तेव्हा कळलं की दार ही गोष्ट कोणाच्या डोक्यातच आलेली नाही. आत असं उकडत होतं की बेटावर या तंबूत झोपलो असतो तर सकाळी आम्ही शिजलेले सापडलो असतो. हाक मारायला हवी होती. पण हाक मारायची म्हणजे आधी काय म्हणायचं? "ओ"? कोणाला "ओ"? हा विचार करण्यातच वेळ गेला. मग बाहेरून ठोकेताई म्हणाली, "अगंबाई, आपली कोकिळा कुठं गेली?" (मी बोलत नाही म्हणून मला कोकिळा म्हणतात.) गाठकाका म्हणाले, "असेल कुठंतरी. पण एक सांगून ठेवतो, तिच्या बापानं पाठवलं नाही तर मीही येणार नाही." आणि बाई म्हणाल्या, "मी बोलायला लागले की तुम्ही सगळे उठून जाता. ती पोर तेवढी शेवटपर्यंत ऐकते. तिला घेतल्याशिवाय होडी हलायची नाही." आत्या, त्यानंतर मला हाक मारणं अजूनच अवघड झालं. डोळ्यांतून पाणी येत होतं. (घाम होता असं समज.)

तेवढ्यात एक ट्रकवाले आले. त्यांचं झाकण आजच मिळणार होतं. समोर ताणून बांधलेला हा डोंगर बघून त्यांना वाटलं हेच ते, आणि ते गाठी ओढायला लागले. म्हटलं, आता तरी बोलायलाच हवं. सगळा धीर गोळा करून मी आतून म्हणाले, "नमस्कार." ते जे उडाले ते थेट ठोकेताईच्या चहावर. "माल बोलतोय! आत माल बोलतोय!" मग सगळे धावले. बाईंनी दार शोधत तंबूभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटी मटकन खाली बसल्या. गाठकाकांची गाठ खुद्द गाठकाकांना सुटेना. शेवटी खालची कड उचलून मला पाय धरून बाहेर ओढलं, तेही बांबूसकट, कारण सोडायला कोणी सांगितलं नव्हतं. एकजणही मला हसलं नाही. हसले ते सगळे स्वतःलाच, ट्रकवाल्यांसकट. आणि तंबू एवढा जड झालाय की त्याला स्वतंत्र होडी लागणारच होती, ती माझ्या "हो"मुळे आधीच ठरलेली! बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

हे सगळं तुझ्यामुळे गं. मी शाळा सोडली तेव्हा घरात प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं. तू एकटीच काही म्हणाली नाहीस. हात धरून इथे आणलंस, मशिनीखाली एक तुकडा सरकवलास आणि एवढंच बोललीस, चुकलं तर उसव, कापड तोंड वाकडं करत नाही. इथली माणसंही करत नाहीत. ते तुला आधीपासून माहीत असणार, म्हणूनच आणलंस.

गुडघ्याला जप. मोठ्यांना नमस्कार, लहान तिथे कोणी असेल तर त्याला जे काय असेल ते.

तुझी,
कमी बोलणारी भाची

ता. क. बाबा "बघू" म्हणाले हे वर लिहिलंय ते खरं आहे, पण अर्धं. पुढे त्यांनी विचारलं, "बरोबर घरचं मोठं कोणी आहे?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "आत्या." त्यांनी पेपर खाली ठेवला. "ताई येतेय?" मी म्हणाले, "हो." (ते मला येतं.) लगेच म्हणाले, मग जा. तेव्हा तुला यावं लागेल.

ता. क. दुसरा. बळजबरी नाही. नसेल जमत तर बाबांना तूच सांग, मला बोलता येत नाही.

ता. क. शेवटचा. काल दार कापलं. कुठे आणि केवढं ते बाईंनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. कारखान्यातल्या मागच्या खोलीच्या चौकटीला तुझं डोकं आपटायचं, तिथे तुझ्या तेलाचा डाग अजून आहे. तिथून माप घेतलं आणि वर चार बोटं जास्त सोडली. तुला वाकायला नको, गुडघा मोडायला नको, सरळ चालत आत येशील. शिवलेलं उसवता येतं हे तू शिकवलंस, पण हे कापलंय आत्या. ये.