भावजींचे डोळे

दत्तू भावजी, नमस्कार.

काल तुम्ही द्राक्षांची पाटी घेऊन आलात आणि म्हणालात, "वहिनी, सोमवारी लायसनसाठी नाशकाला डोळे तपासणार हायेत. मागच्यासारखी अक्षरं पाठ करून द्या."

पाच वर्षांमागं त्या दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं मीच उतरवून आणली होती. तुमच्याकडून पाढ्यासारखी घोटून घेतली. तुम्ही पास झालात आणि मी लय हसले.

गेल्या वर्षी आमच्या अंगणात तुम्ही पिकअप मागं घेतली. तुमचे भाऊ मागं उभे राहून ओरडत होते, "दत्तू, थांब." ते जागेवरच गेले. पोलिसांना तुम्ही सांगितलं, आरशात मेथीचं पोतं दिसलं. भावजी, बसून राहायचे म्हणून मी बी त्यांना चाळीस वर्षं पोतंच म्हणायचे, पण अंगावर गाडी नाय घातली.

काल शिकवलेलं एकबी अक्षर त्या तक्त्यावर नाय. डॉक्टरसमोर छाती काढून म्हणा.

हे पत्र हातात दिलं तरी तुम्हाला दिसायचं नाय. पण तुमची सून वाचून दाखवील, म्हणून सोमवारपर्यंत तांदळाच्या डब्यात ठेवते.

द्राक्षं गोड होती.

तुमची वहिनी,
भागी