गुरुप्रसादच्या कोटाची लकब

कोल्हापूर,
९ जानेवारी

प्रिय सयू,

पत्र बघून हसशील. हस. व्हॉट्सअॅपवर तू 'ओके' टाकतेस आणि विषय मिटतो, कागदाला ओके म्हणता येत नाही. गेममधल्या आपल्या शिवणखान्यात निरोप ठेवावा म्हटलं, तर तिथली किल्ली आता तू त्या गुरुप्रसादलाही दिलीस. म्हणजे मी लिहिणार आणि तो वाचणार, शुद्धलेखन तपासत.

इकडं आम्ही सगळे बरे. तिकडं हुपरीत तुम्हीही बरे असाल. काकांची पाठ कशी आहे? लग्नसराई म्हणजे तुमच्या घरात पैंजणांचा ढीग, आणि तू दिवसभर मान मोडून घुंगरं जोडणार. मी शिरोलीचं काम सोडलं. फौंड्रीत पॅकिंगला होतो. सोडलं म्हणजे, त्यांनीही फार आग्रह केला नाही. आता दाजींच्या ओळखीनं एका टेम्पोवर आहे, गूळ पोचवायचा. काल ढेपांवर बसून कागलला गेलो, माशांसकट. वाटेत एक म्हातारा लिफ्ट मागत होता. हात दाखवत नव्हता, नुसती टोपी पुढं-मागं सरकवत होता. मी ओरडलो, "थांबव, थांबव, मला ती पायजे!" ड्रायव्हर म्हणाला, "टोपी? बाजारात ढिगानं मिळत्यात की." त्याला काय सांगू, की मला टोपी नको, सरकवणं पाहिजे.

असो, भलतीकडं निघालो. तुझा निरोप मिळाला. गुरुप्रसादसाठी तू बंद गळ्याचा कोट शिवलास. कापड, रंग, अस्तर, गुंड्या, सगळं लिहून झालंय. "लकबी तेवढ्या तू घाल, पुरुषांच्या लकबी तुला जमतात," म्हणालीस. आणि रविवारच्या पुढच्या रविवारी गेममध्ये जत्रा आहे, त्याच्या आत पाहिजे.

घालतो की. त्यात काय. मला काहीच अडचण नाही.

परवा आक्कानं विचारलं, "सारखं काय बडवतोस रं त्या फोनवर?"

म्हटलं, "गेम हाय. 'वेस' नाव त्याचं."

तिनं डोकावून बघितलं. "चित्र कुठं हाय?"

"चित्र न्हाय. सगळं लिवायचं नि वाचायचं. चौक, घरं, माणसं, अंगातली कापडं."

"लिवलेली कापडं! आणि धुतंय कोण?"

मग मी तिला बसवून दाखवलं. आपल्या वेशीत नुसता कपडा कुणी घेत नाही, त्याला लकब लागते. कपडा घातलेल्यानं एक शब्द टाकला की ती लकब घडते. आणि एका लकबीची वाक्यं तीन. एक करणाऱ्याला दिसतं, एक ज्याच्यासाठी केलं त्याला, आणि एक चौकात उभ्या असलेल्या बाकीच्यांना. तुझं पैंजणच उदाहरणाला घेतलं. तू 'थबक' टाकलंस की तुला दिसतं, "तू चालता चालता थांबतेस." समोरच्याला दिसतं, "सयू तुझ्यापाशी येऊन थांबते. पैंजण एकदा वाजतं, मग ती ते वाजू देत नाही." आणि बाकीच्यांना, "कुठंतरी पैंजण वाजल्यासारखं वाटतं."

आक्कानं फोन हातात घेऊन ते परत वाचलं. मग म्हणाली, "पोरगी कुणाची ही?"

"हुपरीची. मैत्रीण हाय."

"मैत्रीण व्हय," म्हणाली आणि भाकरी थापायला उठली.

सयू, तुला राग येईल, पण मी शिवलेली जाकिटं शिवणखान्यात टांगून आहेत आणि तुझ्या पैंजणासाठी लोक रांग लावतात, याचा मला त्रास होतो. थोडाच. खरा त्रास त्याचा नाही. मागच्या आठवड्यात तू चौकात थबकलीस. मी तिथंच पिंपळाखाली होतो. मला आलं, "कुठंतरी पैंजण वाजल्यासारखं वाटतं." म्हणजे मधलं वाक्य त्याला गेलं. ते वाक्य मला पाठ आहे. लिहिताना तू मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं होतंस, 'येऊन' ठेवू का 'जवळ' म्हणून. 'येऊन' मीच ठेवायला लावलं. पण माझ्या स्क्रीनवर ते कधी उमटलं नाही.

कोटाच्या लकबी खाली देतोय. पहिली, खोकतो आणि कॉलर सारखी करतो. दुसरी, खिशातून शेंगदाणे काढून कुणाला न देता खातो. तिसरी, मान वर करून दुसऱ्याची चूक काढतो आणि तेवढ्यात स्वतःच्याच कोटाची गुंडी तुटून पडते. यातली कुठलीही लाव. तिन्ही मजबूत आहेत.

काकूंना नमस्कार. पैंजणाला नको.

अमऱ्या


कोल्हापूर,
१४ जानेवारी

सयू,

तिळगूळ मनातल्या मनात घे. तुझा मेसेज वाचला. "या लकबी नाहीत, हे चिमटे आहेत." बरोबर आहे. एवढं मोठं वाक्य तू मला पहिल्यांदाच टाकलंस, त्याचासुद्धा आनंद झाला, बघ माझी अवस्था.

पुढं लिहिलंस, "तू त्याला एकदा तरी नीट बघितलंयस का? आपण न बघता कधी शिवलं नाही."

हे मात्र लागलं. खरंय. भाजीवाल्या बयाबाईच्या पदराची लकब लिहायला आपण दोघं अकरावीचे तास बुडवून भाजी मंडईत बसलो होतो, ती आपल्याला गिऱ्हाईक समजून ओरडत होती, "घ्या की रं, नुसतं बघून प्वाट भरतंय काय!" बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा नियम तुझा. मी तो मोडला. कारण मला त्याला बघायचंच नव्हतं.

बघतो. मंगळवार पेठेत क्लास घेतो ना, जातो. पण सांगून ठेवतो, जे दिसेल ते लिहीन. माणूस जर नुसताच इस्त्री केलेला निघाला तर मला बोलायचं नाही.

अमऱ्या


कोल्हापूर,
१७ जानेवारी

सयू,

बघितलं त्याला.

क्लासच्या बाहेर टेम्पो लावून उभा होतो. म्हटलं लांबूनच बघावं. तर हा थेट माझ्याकडंच आला. "तुम्ही अमरसिंह ना? संयोगितानं फोटो दाखवला होता तुमचा." कुठला फोटो ते मी विचारलं नाही. केस वाढवलेला असेल तर मेलो.

"चहा घेऊ या," म्हणाला, "पुढची बॅच यायला पाचच मिनिटं आहेत, चालेल ना?"

गाड्यावर उभे राहिलो. मी मुद्दाम शिरोलीचं काढलं, फौंड्रीत उष्णता किती, पगार कसा उशिरा होतो. तो ऐकत होता, पण मध्येच मनगटावर बघायचा. मी मनात म्हटलं, सापडली लकब! समोरचा बोलत असताना घड्याळ बघणारा माणूस. लिहून टाकतो तीन वाक्यं, बसू दे जत्रेत सगळ्यांना हसत.

मग सहज बोलून गेलो, "सयूला आता बारीक घुंगरं जोडताना नीट दिसत न्हाय म्हणं."

त्यानं कप खाली ठेवला. घड्याळाचा पट्टा सोडला, घड्याळ शर्टाच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, "कधीपासून?"

मला वाटलं पट्टा टोचत असेल. मी चष्म्याचं काहीतरी सांगितलं आणि गुळावर आलो, यंदाचा गूळ, कागल, माशा. त्यानं मान डोलावली, खिशातून घड्याळ काढलं, परत बांधलं.

सयू, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "कॉलेजात एकदा आमची सयू मंडईत हरवली होती." हरवली नव्हतीस तू, मी रचलं. घड्याळ खिशात. "मग?" म्हणाला. मग मी टेम्पोच्या डिझेलवर आलो. घड्याळ मनगटावर. तिसऱ्यांदा तर मी नुसतं 'हुपरी' म्हणालो, आणि त्याचा हात पट्ट्याकडं गेला.

वरून पोरं ओरडायला लागली, "सर! बॅच! सर!" आमचे सर खिशात वेळ ठेवून मला विचारतायत की ती सापडली कुठं.

"भाजीच्या गाड्यामागं," मी म्हटलं. काय सांगणार होतो?

हात मिळवून गेला. जाताना म्हणाला, "तुमची जाकिटं मी बघितलीयत शिवणखान्यात. त्यातलं एक मला घ्यायचंय, पण संयोगिता म्हणते आधी कोट होऊ दे." टेम्पोत बसल्यावर मी ड्रायव्हरला उगाच शिव्या दिल्या. तो म्हणाला, "आता मी काय केलं, मर्दा?"

एखादा खोटारडा निघाला असता तर किती बरं झालं असतं. मी त्या आशेनंच गेलो होतो. शेंगदाणे एकट्यानं खाणारा.

त्याला स्वतःला हे माहीत नाही. तुलाही माहीत असायचं कारण नाही. आठवून बघ, तू त्याला घड्याळ घातलेला कधी बघितलायस? तुझ्यासमोर यायच्या आधीच ते खिशात जात असणार. म्हणजे सबंध कोल्हापुरात ही लकब ठाऊक असलेला माणूस एकटा मी. आणि मला ती नको होती.

लिहिली मी. गुळाच्या ढेपेचा कागद होता हातात, त्याच्यावरच. करणाऱ्याचं वाक्य साधं जमलं, बाकीच्यांचंही साधंच. मधलं, जे तुला दिसणार होतं, ते असं उतरलं की मी ते पुन्हा वाचलं आणि कागद चुरगाळून बनियनमध्ये ठेवला. अजून तिथंच आहे. चिकट झालाय.

ती लकब मी पाठवत नाही. जमली नाही म्हणून नव्हे, जमली म्हणून. रविवारी जत्रेत त्यानं तुझ्यासमोर येऊन एक शब्द टाकला असता, आणि तू हुपरीत फोन हातात घेऊन माझं वाक्य वाचलं असतंस. डोळ्यांत पाणी तुझ्या, वाक्य माझं, आणि नाव गुरुप्रसादचं. हे मला सोसणार नाही. मला जळका म्हण, कोता म्हण, मी नाही म्हणणार नाही. तो चांगला आहे. म्हणून तर जास्त जळतं.

कोट बिनलकबीचाच जाऊ दे जत्रेला. त्याला जे सांगायचंय ते त्यानं स्वतः टाइप करावं, शुद्ध लिहितोय की.

आणि तुला खरोखर बघायचंच असेल, तर एकदा मंगळवार पेठेत ये. न सांगता ये. क्लासच्या समोर रसवंती आहे, तिच्या आडोशाला उभी राहा आणि तो खाली उतरला की त्याच्या मनगटाकडं बघ. कुणीतरी त्याच्यापाशी तुझं नाव काढेपर्यंत थांब.

नाव काढायला मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांग. मी येणार नाही.

तुझा (पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलेलं नाही),

अमरसिंह