मागच्या दातांचा साप

४ मार्च
मिळाली एकदाची नोकरी! खोलीही मिळाली, आणि खोलीला चक्क खिडकी आहे. नोकरी सापांच्या प्रयोगशाळेत आहे हे ऐकून धाकट्या बहिणीने फोनवरच कपाळाला हात लावला असणार.

इथे दोन दालनं आहेत. पुढच्यात जातिवंत विषारी साप. तिथे जाड हातमोजे, काठ्या, कुलपं आणि कायम दोन माणसं. मागच्यात निमविषारी. त्यांचे विषाचे दात जबड्यात पार मागे असतात आणि सुईसारखे पोकळ नसतात, नुसती पन्हळीसारखी खाच असते. विष जोरात आत जात नाही, ओघळतं. म्हणून असा साप चावला की चघळत बसतो. मला मागचं दालन मिळालं. पिंजरे सांभाळणारे दादा म्हणाले, नव्या सुनेला आधी हलकी कामं.

९ मार्च
काम जमायला लागलं. कापूस लावलेली नळी सापाच्या तोंडात द्यायची, तो चघळतो, आपण लाळ गोळा करायची. मागच्या दालनात हातमोजे घालत नाहीत, मोज्यातल्या जाड बोटांनी सापाच्या नाजूक फासळ्या मोडतात. चावला तर ओढून काढायचं नाही, त्याचे दात तुटतात. आपणहून सोडेपर्यंत गप्प बसायचं. इथे सगळेच कधी ना कधी असे बसलेत म्हणे. सर म्हणतात, थोडी खाज सुटते, बाकी काही नाही.

सर म्हणजे इथले प्रमुख. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत फिरतात. बाबा गेल्यापासून मला इतकं निवांतपणे कुणी काही शिकवलं नव्हतं. फार बरं वाटतं.

१६ मार्च
परदेशातून नवा साप आला. हिरवागार, झाडावरचा, डोळे हे एवढे मोठे. दादांनी लगेच नाव ठेवलं, बटणडोळ्या. खोक्यावर नुसतं ‘मागचे दात’ लिहिलेलं होतं, त्यामुळे तो आमच्याकडे आला.

१८ मार्च
आज मीही त्यांच्यातली झाले. बटणडोळ्या अंगठ्याच्या बुडाशी चावला. मी शहाण्यासारखी बसून राहिले. जबडा एकदा डावीकडून पुढे, एकदा उजवीकडून, सावकाश चघळणं चाललेलं. दादांनी चहा आणून दिला, तो मी दुसऱ्या हाताने प्यायले. चहा संपला तरी साहेबांचं चघळणं संपेना. शेवटी त्याने अंगठा सोडला. मी आधी त्याचे दात तपासले, सगळे शाबूत. सरांनी पाठ थोपटली.

१९ मार्च
डोकं जड आहे. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं.

दुपारी पुस्तकं काढून बसले. मागच्या दातांचे बहुतेक साप माणसाला काही करत नाहीत. मोजके काही करतात. त्यांच्या विषाने फारसं दुखत नाही, सूजही बेताचीच. रक्त गोठवणारी द्रव्यं ते शरीरातल्या शरीरात उगाच कामाला लावून संपवून टाकतं. मग रक्त थांबत नाही. ते पान सरांना दाखवलं. ते हसले, म्हणाले, पुस्तक वाचलं की प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक रोग होतो. माझा जीव भांड्यात पडला.

२० मार्च
अंगठ्यातून पुन्हा वाहायला लागलं. लघवी लाल. दादांनी इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं, थोड्या वेळाने नळी तिरकी केली. गोठायला हवं होतं. पाण्यासारखं वाहिलं.

इथलं प्रतिविष या सापाला चालत नाही. फोटो पाहून तिकडच्या तज्ज्ञांनी जात ओळखली. तिकडचं प्रतिविष मिळालं, पण एकाच माणसापुरतं. दुसरं कुठेच शिल्लक नाही. विमानाने येतंय.

मला भीती वाटायला हवी. वाटत नाही.

२१ मार्च
धाकटी आली. ताई, ताई म्हणून रडते. मला रडू येत नाही. दंडावर, पोटावर निळे डाग— दाबून पाहिले. काहीच नाही. दुखलं असतं तर बरं—

वाचता वाचता ओळ हरवते.

२२ मार्च
बाटली आली. नर्स तयारी करतेय.

सर आलेत. माझ्याकडे वाकून हळूच सांगितलं. मी पुस्तक दाखवून गेले त्या दुपारी त्यांनी स्वतःचं बोट बटणडोळ्याला दिलं होतं. पोटभर चघळू दिलं. माझी भीती जावी म्हणून. इतके दिवस लाजेने बोलले नाहीत. आता म्हणतात, बघ, मी ठणठणीत आहे, तूही होशील.

आणि हसले—

दातांच्या कडा लाल. सगळ्या. त्यांना माहीत नाही. तोंड माझ्याकडे आहे, दुसऱ्या कुणाला दिसत नाही—

बाटली एकच. नर्सने सुई टोचली. धाकटीने माझा दुसरा हात पेनासकट धरलाय, तसंच लिहितेय.

एवढंच म्हणायचं, सर, तोंड उघडून डॉक्टरांना दाखवा. बोलता येतंय मला. मघाशी पाणी मागितलं.

वाटत काहीच नाही. सर केस कुरवाळतायत. बाटलीतून नळीत थेंब पडायला लागले—

सांगते. हे वाक्य संपलं की सांगते, हे एवढं वाक्य