दाराशेजारची गाठ

सुपा, मंगळवार संध्याकाळ

आठवडाभर पुण्यात अडकले आणि इकडे माझ्या भिंतीला गिलावा झाला. कलासंग्रहालयाची दर्शनी भिंत! माझं अख्खं डिझाइन तिच्यावर उभं होतं. कोरं काँक्रीट, ना रंग ना गिलावा, नुसते साच्याच्या फळ्यांचे ठसे. लाकडाच्या गाठीसुद्धा उमटल्या होत्या. दाराशेजारी एक तर अगदी डोळ्यासारखी. येता-जाता तिच्यावर हात ठेवायचे मी.

ठेकेदार बबनराव पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. "उद्या उद्घाटनाला पाहुने यायचेत मॅडम. उघडी भिंत बरी दिसती व्हय? लोक म्हनतील, काम अर्धवट सोडलं."

खरवडून काढा म्हटलं, तर म्हणाले, "आता न्हाई निघायचं. पक्कं बसावं म्हनून आधी छिन्नीनं टाचे मारलेत समद्या भिंतीला."

म्हणजे ठसे गेले. ती गाठही.

ओरडायला हवं होतं. का नाही ओरडले? दमलेय म्हणून, की हातात पेढा होता म्हणून? नकाशे दाखवले होते, फोटो दाखवले होते, प्रत्येक वेळी "व्हय मॅडम" म्हणाले. त्यांना वाटलं असणार, शेवटी गिलावा होणारच. घर म्हटलं की होतोच.

मी निघताना सगळे गवंडी, बिगारी बाया भिंतीपुढे फोटो काढत होते. आजवर तिच्यापुढे माझ्याशिवाय कुणी थांबलं नव्हतं. मलाही मधे उभं केलं. मी हसले. सवयीनं हात मागं गेला, गाठ शोधत.

सगळीकडे गुळगुळीत.