डावीकडच्या टोकाची जागा

मी, चेंतिवुनी इसाहाकू, वय एकोणतीस, शिक्षण यंत्रकामाची पदविका, राहणार झाग्बिली, येंडीजवळ, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शांत आहे. कोणी भाग पाडलेले नाही, कोणी सुचवलेलेही नाही. माझ्या हृदयाची एक झडप पुरती मिटत नाही आणि पुढच्या आठवड्यात राजधानीत, अक्राला, ती बदलणार आहेत. झडपा कशा गळतात हे मला कामामुळे कळते, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितले त्यापेक्षा जास्त समजले. परत आले तर पहिली तीन कलमे रद्द समजावीत. चौथे आणि पाचवे मी जिवंत असले तरी लागू राहील.

एक. घरातली माझी खोली आणि बँकेतली शिल्लक आई मेमुनातू हिची. छताचा पत्रा पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतो. नवी भोके पाडू नयेत, जुन्याच खिळ्यांखाली रबरी चकत्या घालाव्यात. चकत्या कापून पाकिटात ठेवल्या आहेत.

दोन. लेथ, व्हर्नियर आणि कानशी रहिनातूच्या. तमालेच्या कारखान्यात ती माझ्या शेजारच्या यंत्रावर काम करते. कानशी माझ्या डाव्या हाताने झिजल्या आहेत, तिला त्या उलट्या वाटतील. टाकून देऊ नयेत, सवय करून घ्यावी. मी जन्मभर तेच केले.

तीन. आत्या असाना हिला निळ्या कापडाची एक पट्टी. मी आणि माझा धाकटा भाऊ नापारी जेवायला बसलो की तिने आमचे डावे मनगट या पट्टीने पाठीमागे बांधावे, हा दोन वर्षे नेम होता. डाव्या हाताने वस्तू देणे आपल्याकडे शिवी दिल्यासारखे आहे, हे मला मान्य आहे. चार वर्षांच्या मुलाने हात बांधलेल्या स्थितीत मक्याच्या पिठाचे गरम टुओ खावे, हे मान्य नाही. गाठी तशाच ठेवल्या आहेत. पट्टी तिला उजव्या हाताने द्यावी.

चार. पलंगाखाली कातड्यात गुंडाळलेली बंदूक नापारीची. तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

बाबा गारगोटीच्या बंदुका घडवत. अशा बंदुकीचा घोडा आणि रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूची, वाटी उजव्या अंगाला असते. घोडा पडला की ठिणगीने रंजक पेटते आणि एक जाळ बाजूला फेकला जातो. मी मोजला आहे, दीड हात. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्यापासून तो दूर जातो. डाव्या खांद्याला लावणाऱ्याच्या तोंडासमोरच पेटतो. माझ्या डाव्या गालावरचे सात काळे ठिपके देवीचे नाहीत. भट्टीमागे बाबांची बंदूक चोरून उडवली, त्याचे आहेत.

नापारीही डावखुरा. अंत्यविधीला बार काढणाऱ्यांच्या रांगेत त्याची उभे राहायची वेळ आली, तेव्हा मी त्याच्यासाठी घोडा आणि वाटी डाव्या अंगाला असलेली बंदूक घडवली. चार महिने लागले. भट्टीमागे त्याने वीस बार काढले, एकदाही पापणी मिटली नाही.

रांगेची रीत अशी. बार डावीकडून उजवीकडे, एकामागून एक. पहिला मान डाव्या टोकाला उभ्या असलेल्या कांबोन-नाचा, म्हणजे बंदूकवाल्यांच्या प्रमुखाचा. ज्याचा बार झाला तो लगेच बंदुकीच्या दारूचा भोपळा उघडून पुन्हा भरायला लागतो. मुलगा पहिल्यांदा उभा राहतो तो बापाच्या उजव्या हाताला. अशी रीत का, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही. रीतीमागचे कारण साधे आहे. सगळ्यांचा जाळ उजवीकडे जातो, तिकडच्या माणसाचा भोपळा अजून बंद असतो. डावीकडच्याचा उघडा असतो.

त्या सकाळी मी रांगेच्या मागे उभी असताना बाबांनी बंदुकीकडे मान वाकवून पाहिले आणि म्हणाले, "पोरी, सगळ्यांच्या बंदुका पाठ फिरवतात. तुझी मात्र माझ्याकडेच बघतेय."

मी म्हणाले, "तुम्हीच तेवढे बघण्यासारखे आहात, बाबा."

आजूबाजूचे हसले. मीही हसले. मोजमापाची सगळी माहिती बाबांच्या त्या वाक्यात होती.

बाबांचा बार झाला. त्यांनी भोपळ्याचे बूच काढले. नापारीने घोडा सोडला.

बाबा नऊ दिवस जगले. गावाने कारण शोधायला तेवढेही घेतले नाहीत. डावा हात, संपले. दफनाच्या दिवशी नापारी पुढे आला, तेव्हा कांबोन-ना दावुनी त्याला शांतपणे म्हणाले, "बापाला ज्या हाताने पाठवलंस, त्या हाताने माती टाकू नकोस." त्याने उजव्या हाताने टाकली. रांगेतून त्याचे नाव गेले.

त्याआधी, सहाव्या दिवशी, मी बाबांचे ओठ ओले करत होते. ते म्हणाले, "तुला कळलंय ना काय झालं ते?"

मी हो म्हटले.

"मग गप्प राहा. बंदूक चुकली म्हटलं तर तुझ्याकडे पुन्हा कोण येईल? त्याचं काय, हात चुकला म्हणतील. पुरुष आहे, निभावेल."

मी गप्प राहिले. सहा वर्षांत अकरा बंदुका घडवल्या, सगळ्या उजव्या अंगाच्या, आणि त्या सगळ्या आज रांगेत आहेत. नापारी कुमासीला ट्रकच्या गॅरेजमध्ये आहे. तो निभावतो असे मला वाटत नाही. मागच्या रमझानला भेटले, तेव्हा डावा हात खिशात ठेवून उजव्या हाताने पाना फिरवत होता. तीन वेळा निसटला. "ताई, सवय होतेय," एवढेच म्हणाला. मी सांगायला गेले होते. त्याला दोन शर्ट देऊन परत आले.

म्हणून इथे लिहिते, आणि साक्षीदारांसमोर वाचणार आहे. नापारीच्या हाताची काही चूक नव्हती. त्याला सांगितले होते तिथे तो उभा राहिला आणि सांगितले तेव्हा त्याने घोडा सोडला. मी उडवणाऱ्याचा विचार केला, शेजारच्याचा केला नाही. बाबा माझ्या चुकीने गेले.

पाच. बंदूक मोडू नये. बंदूक घडवणारा गेला की त्याला शेवटचे तीन बार देतात. ती बाई असली तर काय, याचा नियम नाही, कारण प्रसंग आला नाही. मी जिवंत परत आले तर हेच तीन बार बाबांच्या कबरीपाशी काढावेत. कसेही झाले तरी पहिला बार नापारीने काढावा, याच बंदुकीने, डाव्या खांद्यावरून. त्याला डावीकडच्या टोकाला उभे करावे. त्याच्या डावीकडे कोणी नसेल, म्हणजे जाळ लागायला कोणी नसेल. त्या दिवशीही एवढेच करायला हवे होते. एक जागा बदलायची होती.

ती जागा दावुनी काकांची आहे. त्यांनी ती एका बारापुरती सोडावी, ही विनंती आहे. मला त्यांच्यावर हुकूम चालवता येत नाही. म्हणून त्यांनाच साक्षीला बोलावले आहे.

झाग्बिली, ९ फेब्रुवारी २०१७.

सही: चेंतिवुनी इसाहाकू. (डाव्या हाताने केली आहे. बँकेतली उजव्या हाताची आहे, जुळणार नाही. दोन्ही माझ्याच.)

साक्षीदार पहिली: रहिनातू याहाया, सही.

साक्षीदार दुसरे: दावुनी, कांबोन-ना. लिहिता येत नाही. शाईवर आधी उजवा अंगठा टेकवला होता. चौथे कलम वाचून झाल्यावर त्यांनी तो अंगरख्याला पुसला आणि ते पुन्हा वाचायला सांगितले. पुन्हा वाचले.

खालचा ठसा त्यांच्या डाव्या अंगठ्याचा आहे.