सुजाताचं स्वमूल्यमापन

मंगळवार, मार्चअखेर. विश्रामबाग.

आज जेवण गेलं नाही. स्वतःचीच किळस आली.

ऑफिसात सगळ्यांनी स्वमूल्यमापनाचे फॉर्म भरायचे होते. सुजाता आमच्या पेपरातली नवी उपसंपादक, अजून कायम झालेली नाही. 'या वर्षी झालेली चूक' या प्रश्नाला तिनं खरं ते लिहिलं. श्रद्धांजलीत मेलेल्याऐवजी त्याच नावाच्या जिवंत माणसाचा फोटो तिच्या हातून छापला गेला, म्हणून माफी मागायला ती कुपवाडला त्याच्या घरी गेली. दार त्यानंच उघडलं. "या ताई. मेलेल्याच्या हातचा च्या चालतोय न्हवं?" म्हणाला, आणि खरंच चहा केला.

इतकं सरळ लिहिलेलं मी वर्षभरात वाचलं नव्हतं.

साहेबांनी तिचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "हे असंच वर गेलं तर पोरगी कायम होत नाही. असल्या भाषेवर तुमचा हात बसलाय, जरा वळवा."

वळवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. 'वाचकांशी थेट संवाद वाढवण्यावर भर दिला.' फॉर्ममधून फोटो गेला, माणूस गेला, चहासुद्धा गेला. तिची नोकरी टिकावी म्हणूनच ना? हो. मग तो चहा सारखा का आठवतोय?

तिनं वाचलं. वाटलं, भांडेल. निदान विचारेल तरी. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"लय भारी, दादा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी माझं मीच असं लिहीन." आणि फॉर्म पाठवूनही दिला.