बारवीच्या रस्त्यावरचे लाडू

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

तीर्थरूप माधवीताईस,

धाकट्या शशिकांतचा साष्टांग नमस्कार (मानेला पट्टा आहे, तेव्हा जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचा). तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला चिपळूणला परतल्यावर थांबला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. त्यातली सुनेत्रा जरा जास्तच ठीक आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

निवृत्त झाल्यावर बायका भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. हिने बूट घेतले. साखर काठावर आहे असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून ही पहाटे खरवईपर्यंत पळत जाते आणि परत येऊन मला चहा करायला उठवते. यंदा तर तिने बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. ठरलेल्या वेळेत पोचलं तर पदक, नाहीतर नुसतं सरबत. वाटेत खायला बाजारात मिळणाऱ्या चकचकीत कागदातल्या वड्या हिला सोसत नाहीत, म्हणून घरीच खजूर, सुकामेवा आणि मधाचे लाडू करायचं ठरलं. ते काम मी मागून घेतलं. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर मालाची प्रत तपासली (रंगाच्या पिंपांची, पण तत्त्व एकच), तेव्हा लाडू काय जड, असं वाटलं.

सामानाला उल्हासनगर कॅम्प एकमध्ये चंदरच्या दुकानात गेलो. हा सिंधी माणूस मोठा प्रेमळ. "साईं, पहले चखो, फिर बोलो," म्हणत त्याने अंजीर, अक्रोड, जर्दाळू इतकं खायला घातलं की मला दुपारचं जेवण गेलं नाही, आणि भिडेपोटी मी लग्नघराला पुरेल एवढा मेवा घेऊन आलो.

पहिल्या खेपेला खजूर मिक्सरमध्ये घातले. मिक्सरने एक हुंकार दिला, थोडा धूर सोडला आणि बंद पडला. (बिया आधी काढायच्या असतात हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.) मग मधाचा चिक्कीसारखा पाक करायला घेतला. मिश्रण ताटात थापलं, गार झालं, आणि ताट कुठे संपतं नि लाडू कुठे सुरू होतात ते कळेना. हातोडी घेतली. खालच्या मजल्यावरच्या राजाबाई वर आल्या आणि लाद्या बदलायला सोसायटीची परवानगी काढलीत का, असं विचारू लागल्या. सुनेत्रा हसली नाही. तिने ताट उलटंपालटं करून पाहिलं, "अहो, मध उकळायचा नाही, शेवटी नुसता कालवायचा," एवढंच म्हणाली आणि आंघोळीला गेली. कारखान्यात असे साहेब असते तर मी नोकरी वाढवून मागितली असती. दुसऱ्या खेपेला खजूर हाताने कुस्करले, भाजलेले बदाम नि अक्रोड खलबत्त्यात कुटले, आणि तिने सांगितलं तसंच केलं. लाडू वळले गेले.

शर्यतीच्या दिवशी डबा घेऊन मी धरणाच्या अलीकडच्या वळणावर उभा राहिलो. ऊन चढलं तसे लाडू एकमेकांत मिसळून त्यांचा एकच गोळा झाला. ही आली. चेहरा लाल, पण पाय लयीत, आणि वेळही हातात होती. मी गोळा पुढे करतो तोच मागून येणारी एक मुलगी कडेला मटकन बसली. सुरुची तिचं नाव, कॉलेजातली, सकाळपासून उपाशी. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणत होती. सुनेत्राने एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि गोळ्याचे तुकडे तोडून तिला भरवू लागली.

"काकू, तुम्ही निघा ना, तुमचा टाइम जाईल."

"जाऊ दे. तू आधी नीट चाव."

एका पदकासाठी वर्षभर ही पहाटे उठली होती, ताई. मी पाहिलंय (चहा मीच करत होतो).

दोघी हात धरून आधी चालत, मग हळूहळू पळत निघाल्या. मी मागून रिक्षाने. शेवटाशी पोचलो तेव्हा वेळ संपली होती, पदकांची खोकी टेम्पोत चढली होती आणि हवेने फुगवलेली कमान खाली यायला लागली होती. आयोजकांपैकी कैलास नावाचा धिप्पाड माणूस या दोघींना येताना पाहून कमानीखाली शिरला आणि त्याने ती खांद्यावर तोलून धरली. दोघी वाकून तिच्याखालून पार झाल्या. सरबतही संपलं होतं. हिने डब्याच्या तळाला चिकटलेलं खरवडून खाल्लं आणि म्हणाली, "चांगला झालाय हो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूच्यांना मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

अशी बायको तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी पाहिलीत, त्याचे आभार उशिरा मानतो आहे. भाऊजींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझाच,
शशिकांत

ता. क. : खरं काम राहिलंच. पुढच्या शर्यतीत हिने माझंही नाव घातलं आहे. तू फोन करून सहज बोलता बोलता सांग की आपल्या घराण्यात पुरुषांचे गुडघे पिढ्यान्‌पिढ्या नाजूक. आजोबा म्हातारपणी माडावर चढायचे ते तिला माहीत नाही, तेवढं गाळ.

ता. क. दुसरा : वन्सं, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला त्यांनी माझ्याकडेच दिलं, पाकीट उघडं होतं. गुडघ्यांचं खरं असेल तर मोकळेपणाने सांगा, त्यांना मी चालणाऱ्यांच्या गटात घालते. बूट मात्र आणून झाले आहेत. — सुनेत्रा